साखर आहेच, आता गाठही? मधुमेही मांजरात कॅन्सरची शंका आल्यावर काय करायचं

सोनोग्राफीचा प्रोब आमच्या मांजराच्या, गोट्याच्या, भादरलेल्या पोटावरून फिरत फिरत एका जागी थांबला. डॉक्टरांनी तो थोडा पुढे नेला, मागे आणला आणि पुन्हा तिथेच टेकवला. "इथं आतड्याची भिंत जाड दिसतेय. शेजारचा लिम्फ नोडही मोठा आहे. लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सर, असू शकतो." गोट्याला मधुमेह होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. सकाळ-संध्याकाळची इन्सुलिनची सुई आम्हा दोघांच्याही अंगवळणी पडली होती. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यातून 'असू शकतो' गळून गेलं होतं, नुसता लिम्फोमा उरला होता.

तुम्हीही अशाच संध्याकाळी हे वाचत असाल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. मधुमेही मांजरात हे दोन आजार एकमेकांच्या पायात पाय घालतात. लक्षणं सारखी दिसतात, कॅन्सरच्या तपासणीसाठी उपाशी ठेवावं लागतं, कॅन्सरचं औषध साखर चढवतं आणि भूक मेली की नेहमीचंच इन्सुलिन जिवावर उठतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारायचे: याने साखरेचं काय होईल, आणि याने निदान सोपं होईल की अवघड?

आधी साखरेचा हिशोब तपासा

मांजर भरपूर खातंय, पाणी पितंय आणि तरी वाळतंय, तर कॅन्सरच्या आधी साखर हाताबाहेर गेली आहे का ते बघा. कारण बऱ्याचदा साधं निघतं. इन्सुलिनची बाटली कधी उघडली? ती फ्रीजरच्या कप्प्याला टेकून गोठली होती का? सिरिंज बदलली का? यू-४० इन्सुलिन (एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट) यू-१०० च्या सिरिंजमध्ये भरलं आणि आकडे पाहून नेहमीइतकंच घेतलं, तर मांजराला अडीचपट कमी डोस जातो. उलटी गफलत झाली तर अडीचपट जास्त, आणि ती तर जीवघेणी.

दवाखान्यात एकदाच मोजलेल्या साखरेवर विसंबू नका. घाबरलेल्या मांजराची साखर तिथल्या तिथे चढते. घरी कान टोचून बारा तास, दर दोन तासांनी मोजून काढलेला आलेख जास्त खरा. जमत नसेल तर फ्रुक्टोसामीनची रक्ततपासणी मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. मात्र थायरॉइड वाढलेला असला तर ती खोटी कमी येते, म्हणून वयस्कर मांजरात टी-४ ही थायरॉइडची चाचणी सोबतच करून घ्यावं. माणसांचा ग्लुकोमीटर वापरत असाल तर तो मांजराची साखर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, हेही डोक्यात असू द्या.

खरी काळजी करायची ती साखर बऱ्यापैकी आटोक्यात असूनही वजन उतरत असेल तेव्हा. लहान बाळांच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन घ्या आणि लिहून ठेवा. ४.८ किलोचं मांजर ४.३ वर आलं तर ऐकायला अर्धाच किलो, पण साठ किलोच्या माणसाच्या हिशोबात ते सहा किलोंहून अधिक झालं. पाठीच्या कण्यावरून हात फिरवा. पोट गुबगुबीत असूनही मणके टोचायला लागले असतील तर स्नायू झडताहेत.

उलटं चित्रही असतं. इन्सुलिन वाढवत वाढवत नेलं तरी साखर हलत नाही, आणि मांजर वाळायच्या ऐवजी जाड होतंय. चेहरा रुंद, खालचा जबडा पुढे, पंजे मोठे, झोपेत घोरणं. हा बहुधा ॲक्रोमेगालीचा प्रकार असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत गाठ होते आणि ती वाढीचं हार्मोन भरमसाट सोडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पाहणीत बाराशेहून अधिक मधुमेही मांजरं तपासली, तेव्हा सुमारे चारातल्या एकात याची खूण सापडली. म्हणजे दुर्मीळ म्हणून सोडून द्यावा असा हा आजार नाही. आयजीएफ-१ नावाची रक्ततपासणी त्यासाठी असते, पण ती इन्सुलिन सुरू करून सहा-आठ आठवडे झाल्यावर करावी, त्याआधी खोटी कमी येऊ शकते. ही गाठ बहुतेक वेळा पसरणारी नसते. 'ट्यूमर' शब्द ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही.

कशासाठी थांबायचं नाही

चोवीस तास खाल्लं नाही, उलट्या होताहेत, मांजर कोपऱ्यात मुटकुळं करून बसलंय आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय: कॅन्सरचा विचार बाजूला ठेवा, ही किटोअॅसिडोसिसची लक्षणं आहेत (इन्सुलिन कमी पडून रक्तात किटोन नावाची आम्लं साचतात) आणि लगेच दवाखाना गाठायचा आहे. लघवीतले किटोन पाहायच्या पट्ट्या घरात असाव्यात. मांजर लघवीला बसलं की मागून पळी सरकवायची, दोन-तीन वेळा फसतं, मग जमतं.

बाकीच्या खुणा दिवसांत मोजायच्या, तासांत नाही. एका बाजूनेच चावणं, लाळ गळणं, अचानक हललेला दात. तोंडातला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा कॅन्सर दातदुखी समजून महिनाभर दुर्लक्षिला जातो, म्हणून दात काढतानाच तिथल्या मांसाचा तुकडा तपासायला पाठवा असं आवर्जून सांगा. मादीच्या स्तनांत वाटाण्याएवढी गाठ लागली तर 'बघू मोठी होते का' म्हणू नका. मांजरांमधल्या स्तनांच्या गाठींपैकी ८० ते ९० टक्के घातक असतात, आणि दोन सेंटिमीटरच्या आत असताना काढली तर बराच फरक पडतो. झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास वारंवार मोजले जात असतील तर छातीत पाणी किंवा गाठ आहे का ते पाहायला हवं.

आपल्या मांजरांना रोज दोन सुया, त्यामुळे सुईच्या जागच्या गाठीची भीती सगळ्यांनाच असते. इंजेक्शनच्या जागी होणारा सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कॅन्सर, मुख्यतः लसींशी जोडला गेलाय, इन्सुलिनमुळे क्वचितच. तरी नियम एकच, ३-२-१: गाठ तीन महिन्यांहून जास्त टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा इंजेक्शननंतर एक महिना उलटल्यावरही वाढतच राहिली, तर बायोप्सी, म्हणजे नमुना काढून तपासणी. आणि ती तुकडा काढून करायची. 'छोटीशी आहे, काढूनच टाकू' म्हणून वरवर कोरलेली गाठ परत येते, तीही पसरून. पहिलीच शस्त्रक्रिया मोठी आणि विचारपूर्वक व्हावी लागते.

तपासण्या कुठल्या क्रमाने

रक्त आणि लघवी आधी. रक्तात नेहमीच्या चाचण्यांबरोबर टी-४, बी-१२ जीवनसत्त्व, स्वादुपिंडाच्या सुजेसाठीची एफपीएल, आणि फेलाइन ल्युकेमिया व एफआयव्ही हे मांजरांचे दोन विषाणू. लघवीचं कल्चर करायला लावा, साखरेच्या लघवीत जंतू माजतात आणि अंगात कुठे जंतुसंसर्ग असला तर इन्सुलिन लागू पडत नाही. कॅल्शियम वाढलेलं दिसलं तर डॉक्टर गाठ शोधायला लागतील, ते बरोबरच आहे.

मग पोटाची सोनोग्राफी आणि छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे. सोनोग्राफीत स्वादुपिंडावर गाठी दिसल्या म्हणून लगेच रडू नका. म्हाताऱ्या मांजरांच्या स्वादुपिंडात निरुपद्रवी गाठी सर्रास असतात. त्यात मधुमेही मांजरांना स्वादुपिंडाची सूज वरचेवर होते, तेव्हा पडद्यावर सगळंच भयंकर दिसतं. स्वादुपिंडाचा खरा कॅन्सर मांजरांत विरळा. सोनोग्राफी जागा दाखवते, नाव सांगत नाही. नाव सांगायला पेशी लागतात.

पेशी मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे बारीक सुईने ओढून घेणं. बहुतेकदा पूर्ण भूल लागत नाही, आणि मोठ्या पेशींचा आक्रमक लिम्फोमा त्यात बऱ्याचदा सापडतो. अडचण लहान पेशींच्या लिम्फोमाची. तो आणि आतड्याची जुनाट सूज सुईच्या नमुन्यात जुळ्या भावांसारखे दिसतात. तिथे दुर्बिणीतून किंवा पोट उघडून आतड्याचा तुकडा घ्यावा लागतो, आणि तरीही शंका राहिली तर त्याच तुकड्यावर पार नावाची, पेशींचा डीएनए बघणारी चाचणी होते. प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना विचारा: "उत्तर काय येतं त्यानुसार आपण वेगळं काही करणार आहोत का?" नाही म्हणाले, तर ती तपासणी तुमच्या मनाच्या समाधानासाठी आहे. करू नये असं नाही, पण कशासाठी करतोय ते माहीत हवं.

स्टेरॉइडचं इंजेक्शन: इथे मी चुकलो

सोनोग्राफीच्या तीन आठवडे आधी गोट्या खाईना झाला, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात नेलं. "भूक लागेल, सूजही उतरेल" म्हणत त्यांनी एक इंजेक्शन दिलं. मी कागदावरचं नावही वाचलं नाही. दोन दिवस तो छान जेवला, मी खूश. पाचव्या दिवशी साखर ४८०. ते महिनाभर टिकणाऱ्या प्रकारचं स्टेरॉइड होतं.

याचे तोटे दोन आणि दोन्ही मोठे. स्टेरॉइड इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतं, हे पहिलं. दुसरं कमी जणांना माहीत असतं: लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने तात्पुरत्या दबतात. गाठ बसते, मांजर सुधारतं, आणि मग घेतलेल्या नमुन्यात काहीच धड दिसत नाही. आमच्या बायोप्सीला त्यामुळेच थांबावं लागलं. तेव्हा नमुना हातात येईपर्यंत स्टेरॉइड नको, असं स्पष्ट म्हणा. पुढे द्यायची वेळ आलीच तर गोळी मागा. गोळीचा डोस कमी करता येतो, टोचलेलं परत काढता येत नाही.

भुलीच्या आदल्या रात्री

'रात्री दहानंतर उपाशी' ही सरसकट सूचना मधुमेही मांजराला चालत नाही. डॉक्टरांशी बोलून चार गोष्टी कागदावर घ्या: नेमके किती तास उपाशी, सकाळचं इन्सुलिन किती, मधे साखर कोण मोजणार आणि शुद्धीवर आल्यावर किती वेळात खायला मिळणार. अनेक डॉक्टर सकाळी साखर मोजून निम्मा डोस द्यायला सांगतात, पण आकडा तुमच्या मांजरासाठी त्यांनीच ठरवायचा. सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. उशीर झाला की उपासाचे तास वाढतात.

सोबत त्याचं आवडतं खाणं, तुमचं इन्सुलिन आणि तुमचाच मीटर न्या. गाडीत बसायच्या दोन-तीन तास आधी गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध द्यायचं का हेही विचारा, घाबरट मांजरांची निम्मी झुंज तिथेच संपते. गुंगीच्या काही औषधांनी, मेडेटोमिडीन त्यातलंच, साखर काही तास वर राहते. म्हणून त्या संध्याकाळचा चढा आकडा बघून इन्सुलिन वाढवायचं नाही.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

मांजराच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका कधीकधी याच दिवसांत असतो, आणि तो गाठीपासून नसतो. मांजर निम्मंच खातंय आणि आपण सवयीने पूर्ण डोस टोचतोय, हा तो धोका. सुईच्या आधी ताटली बघा, मग मीटर, मग डॉक्टरांना फोन. खाणं कमी तर डोस कमी, पण दिवसेंदिवस पूर्ण बंदही नाही, नाहीतर किटोन चढतात. खाणं पूर्ण, अर्धं आणि नाहीच, अशा तीन परिस्थितींतले तीन डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. रात्री दोन वाजता आपलं डोकं चालत नाही, कागद चालतो.

साखर ६०-७० च्या खाली गेली पण मांजर सावध असेल तर लगेच खायला द्या आणि परत मोजा. झोकांड्या, थरथर, झटके दिसले तर बोटाने हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि निघा. तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं. बेक्साग्लिफ्लोझिन किंवा व्हेलाग्लिफ्लोझिन या तोंडाने द्यायच्या मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या मांजराने खाणं सोडलं, तर औषध देण्याआधीच डॉक्टरांना विचारा. त्यांत साखर नॉर्मल दिसत असतानाही किटोअॅसिडोसिस होतो, आकडा बघून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

खाण्याबाबत मधुमेहाचे कडक नियम आता सैल करा. कमी कर्बोदकांचं डबाबंद अन्न उत्तमच, पण ते सोडून त्याला हवा तो कोरडा खाऊ तो खात असेल तर खाऊ द्या. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साचायला लागते, आणि तो आजार कॅन्सरच्या आधी नेतो. मळमळीसाठी मारोपिटंट, भुकेसाठी मिर्टाझापिन चांगली. कॅप्रोमोरेलिन मात्र साखर वाढवतं आणि ॲक्रोमेगालीत तर ते नकोच. पूर्वी भुकेसाठी दिलं जाणारं मेजेस्ट्रॉल स्वतःच मधुमेह ओढवतं. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही नाही, एक गोळी मांजराला मारायला पुरते. नळीने खायला घालायचा विषय निघाला तर दचकू नका. मानेतली नळी दिसायला वाईट दिसते, पण औषध आणि अन्न बिनभांडणाचं पोटात जातं, आणि साखरेचा हिशोब पहिल्यांदाच नीट लागतो.

रिपोर्टमध्ये नाव आलं

आमचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला: लहान पेशींचा आतड्याचा लिम्फोमा. वाईट बातम्यांतली ही बरी. क्लोराम्ब्युसिल (केमोचं औषध) आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) या गोळ्यांवर बहुतेक मांजरं सुधारतात, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काढणारी कितीतरी. मधुमेह्यांसाठी पेच प्रेडनिसोलोनचा. काही डॉक्टर क्लोराम्ब्युसिल एकटंच देऊन बघतात, काही बुडेसोनाइड हे स्टेरॉइड देतात कारण ते अंगात कमी भिनतं, काही प्रेडनिसोलोनच देऊन इन्सुलिन वाढवतात. तिन्ही रास्त आहेत. ध्यानात ठेवायचं ते परतीच्या वाटेचं: स्टेरॉइड कमी करताना इन्सुलिनही उतरवत न्यावं लागतं, नाहीतर एका रात्रीत साखर तळाला जाते. तेव्हा चढवताना मोजता त्याच्या दुप्पट मोजा.

क्लोराम्ब्युसिल फ्रिजमध्ये ठेवा, तोडू नका, हातमोजे घालून द्या. शी-शूची पेटीही हातमोजे घालूनच साफ करा, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने हात लावू नये. रक्ताच्या पेशी ठरल्या तारखांना मोजून घ्या. बी-१२ कमी निघालं असेल तर त्याची इंजेक्शनं चुकवू नका, साधी गोष्ट आहे पण भूक त्याने फिरते.

मोठ्या पेशींचा लिम्फोमा असेल तर लढाई अवघड आणि मुदत बहुधा महिन्यांतली, केमोही शिरेतून. मांजरांची केमो माणसांसारखी अंग मोडून काढणारी नसते. केस सहसा गळत नाहीत, मिशा मात्र झडतात. एक नाव पाठ असू द्या: सिस्प्लॅटिन. माणसांत नेहमी वापरलं जाणारं हे औषध मांजराच्या फुप्फुसात पाणी करून जीव घेतं. मांजरांचा अनुभव नसलेल्या ठिकाणी उपचार घेणार असाल तर विचारायला लाजू नका. तोंडातला कॅन्सर बहुधा उशिरा सापडतो, तिथे वेदना कमी करणं आणि खाणं चालू ठेवणं यालाच उपचार म्हणायचं.

उपचार नको असं ठरलं तर

तेही ठरवता येतं, आणि ते कोणाला पटवून द्यायची गरज नाही. अशा वेळी साखरेचं ध्येय बदला. अचूक आकड्यामागे धावायचं सोडून, साखर तळाला जाऊ नये आणि किटोन होऊ नयेत एवढंच बघायचं. कान टोचणं कमी. डॉक्टरांना "आता सैल नियंत्रण हवंय" एवढं सांगितलं की ते डोस तसा बसवून देतात.

भिंतीवर एक कॅलेंडर लावा. त्याला मनापासून आवडणाऱ्या तीन गोष्टी आधीच लिहून ठेवा. गोट्याच्या होत्या: खिडकीतली उन्हाची पट्टी, माझ्या उशीचा डावा कोपरा आणि डबा उघडल्याचा आवाज. तीनपैकी दोन केल्या तर त्या दिवशी टिक, नाहीतर फुली. रोज चेहराही बघा: कान बाजूला पडलेले, डोळे किलकिले, तोंडाचा भाग ताठर, मिशा सरळ पुढे, डोकं खांद्यांच्या खाली, ही दुखण्याची चिन्हं आहेत. फुल्या टिकांच्या पुढे जाऊ लागल्या की डॉक्टरांशी बोलायचं, आणि हे बोलणं त्याच्या बऱ्या दिवशी करायचं. घरी येऊन झोपवतात का, आधी गुंगी देतात का, त्या सकाळी इन्सुलिन द्यायचं का, हे प्रश्न तेव्हाच विचारून ठेवा.

आमचं कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. इन्सुलिन दोन युनिटवरून साडेतीनवर गेलं आणि आता अडीचवर उतरलंय, वजन ४.७. काल फुली होती. आज डब्याचं झाकण उघडायच्या आतच तो ओट्यापाशी येऊन बसला.